हप्त्यामागचा आकडा

गाडीसाठी कर्ज घेऊ पाहणाऱ्या लोकांसाठी असलेल्या एका ऑनलाइन पानाची नव्याने मांडणी करण्याचे काम गेले काही महिने माझ्याकडे होते. कर्ज देणाऱ्या संस्थेचे नाव मी येथे देत नाही, कारण तेथे जे दोष मला आढळले ते थोड्याफार फरकाने अशा बहुतेक पानांवर आढळतात. काम सोपवताना माझ्यापुढे एकच अपेक्षा ठेवण्यात आली होती: अर्ज अर्धवट सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण कमी व्हावे. त्यामुळे सुरुवातीचे काही आठवडे मी अर्जातील रकाने मोजण्यात, त्यांचा क्रम तपासण्यात आणि त्रुटी-संदेशांची भाषा सुधारण्यात घालवले. ते काम आवश्यक होते, पण दुखणे तेथे नव्हते.

दुखणे कोठे आहे हे जुन्या पानाच्या चाचणीत कळले. चाचणीला आलेल्या एका बाईंनी कर्जाची रक्कम भरली, पडद्यावर ठळक अक्षरांत आलेला मासिक हप्ता वाचला आणि मग पुढचे बटण न दाबता पर्समधून पेन काढून एका कागदावर हप्ता गुणिले महिने असा गुणाकार मांडला. उत्तर आल्यावर त्यांनी त्यातून मुद्दल वजा केले आणि काही वेळ त्या आकड्याकडे पाहत राहिल्या. पानाने त्यांना जे सांगायला हवे होते ते त्यांनी स्वतः काढले होते. पुढे आणखी एकाने हेच मोबाइलमधील कॅल्क्युलेटर उघडून केले आणि परत आल्यावर त्याने भरलेली सगळी माहिती पुसली गेलेली होती. अर्ज अर्धवट का राहतात, या प्रश्नाचे निदान एक उत्तर माझ्या डोळ्यांसमोर घडले होते.

जुन्या पानाची रचना अशी होती. वर रस्त्यावरून धावणाऱ्या गाडीचे मोठे छायाचित्र, त्याखाली कर्जाची रक्कम आणि मुदत ठरवणारे दोन स्लायडर, आणि उजवीकडे पानावरील सर्वांत मोठ्या अक्षरांत मासिक हप्ता. मुदतीचा स्लायडर आधीपासूनच ८४ महिन्यांवर सरकवून ठेवलेला होता आणि हिशेबासाठी धरलेला व्याजदर हा संस्थेचा सर्वांत कमी दर होता, जो फार थोड्या अर्जदारांना प्रत्यक्षात मिळतो. त्याचा खुलासा तारांकित तळटीपेत, फिकट करड्या अक्षरांत होता. आमोस ट्वर्स्की आणि डॅनियल काह्नेमन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली दाखवून दिले की समोर आलेला पहिला आकडा माणसाच्या पुढच्या अंदाजांना आपल्याकडे ओढून ठेवतो, मग तो आकडा कितीही निराधार असो. येथे पहिला आकडा होता सर्वांत लांब मुदतीचा आणि सर्वांत कमी दराचा हप्ता. पुढे खरा दर कळला आणि हप्ता वाढला की अर्जदाराला फसवणूक झाल्यासारखे वाटे, आणि तसे वाटण्यात त्याचे काहीही चुकत नव्हते.

मुदतीचा परिणाम किती मोठा असतो, हे मला स्वतःलाही हिशेब मांडल्याशिवाय नीट कळले नव्हते. वार्षिक ९ टक्के दराने, घटत्या शिलकीवर (म्हणजे फेडायच्या उरलेल्या मुद्दलावरच व्याज लागेल अशा पद्धतीने), ६० महिन्यांसाठी कर्ज घेतले तर मुद्दलाच्या दर १०० मागे हप्ता सुमारे २.०८ येतो आणि कर्ज फिटेपर्यंत सुमारे २४.५५ व्याज भरले जाते. तेच कर्ज ८४ महिन्यांसाठी घेतले तर हप्ता १.६१ वर उतरतो आणि व्याज ३५.१५ वर चढते. म्हणजे हप्ता साडेबावीस टक्क्यांनी हलका होतो, पण व्याजाचा भार ४३ टक्क्यांनी वाढतो. जुने पान यातील पहिली गोष्ट ठळकपणे सांगत होते आणि दुसरीबद्दल गप्प होते.

गाडीच्या कर्जात याला आणखी एक पदर आहे, जो घराच्या कर्जात सहसा नसतो: तारण ठेवलेली वस्तू दिवसेंदिवस स्वस्त होत जाते. वरच्याच उदाहरणात ३६ हप्ते भरून झाल्यावर पाच वर्षांच्या कर्जात मुद्दलापैकी सुमारे ४५.४ टक्के शिल्लक असते, तर सात वर्षांच्या कर्जात सुमारे ६४.७ टक्के. डाउन पेमेंट कमी असेल आणि मुदत लांब असेल, तर तीन वर्षांनी गाडी विकूनही कर्ज पूर्ण फिटणार नाही अशी स्थिती सहज येऊ शकते. हे दाखवण्यासाठी मी आधी उतरत्या दोन रेषांचा आलेख काढला होता, एक कर्जाची आणि एक गाडीच्या अंदाजे मूल्याची. चाचणीत बहुतेकांची नजर त्यावरून सरळ खाली गेली. शिवाय गाडीचे भविष्यातील मूल्य आम्ही कशाच्या आधारे सांगणार, हा प्रश्न होताच. शेवटी आलेख काढून टाकला आणि त्या जागी एकच वाक्य ठेवले: ‘तीन वर्षांनी कर्ज एकदम फेडायचे ठरवले, तर इतकी रक्कम शिल्लक असेल.’ त्यातील ‘तीन’ हा आकडा बदलता येतो. आलेखासाठी मी बरेच दिवस खर्च केले होते, तरीही हे वाक्य त्याच्यापेक्षा अधिक कामाचे आहे याबद्दल मला शंका नाही, कारण लोक ते वाचतात आणि त्यातला आकडा बदलून पाहतात.

व्याजदर कोणता दाखवायचा, यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. मूळ मुद्दलावर संपूर्ण मुदतभर आकारला जाणारा फ्लॅट दर आणि घटत्या शिलकीवरील दर या दोन वेगळ्या मोजपट्ट्या आहेत, आणि पहिल्या मोजपट्टीवर कर्ज नेहमीच स्वस्त दिसते. पाच वर्षांसाठी १० टक्के फ्लॅट दर म्हणजे १०० मागे ५० व्याज आणि अडीचचे ६० हप्ते. घटत्या शिलकीवर मोजल्यास हा दर वर्षाला सुमारे १७.३ टक्के होतो. मुद्दलातून कापले जाणारे शुल्कही असेच दरात लपते. ९ टक्के दराच्या पाच वर्षांच्या कर्जातून सुरुवातीलाच २ टक्के प्रक्रिया शुल्क कापून घेतले, तर अर्जदाराच्या दृष्टीने तो दर सुमारे ९.९ टक्के पडतो. कर्जाची खरी किंमत एका वार्षिक टक्केवारीत सांगण्याचा आग्रह नवा नाही. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याने तो बंधनकारक केला. आम्ही ठरवले की पानावर दर म्हणून एकच आकडा असेल, तो घटत्या शिलकीवरचा आणि शुल्क धरून असेल, आणि अर्जदाराची माहिती हाती येईपर्यंत तो ‘या दरापासून पुढे’ असा न देता किमान आणि कमाल अशा दोन टोकांसह दिला जाईल. त्यामुळे हप्ताही दोन टोकांसह येतो. एका आकड्याऐवजी पल्ला दिसला की लोक गोंधळतील, अशी भीती काहींनी व्यक्त केली होती. चाचणीत त्याउलट दिसले. आपला दर अजून ठरायचा आहे हे लोकांना पल्ल्यामुळेच समजले.

या नंतरचा प्रश्न पानाच्या प्रवेशाचा होता. काही लोक गाडी ठरवून येतात आणि तिच्यासाठी किती हप्ता पडेल ते विचारतात. काही लोक महिन्याला आपल्याला किती झेपेल ते ठरवून येतात आणि त्यात कोणती गाडी बसेल ते विचारतात. जुने पान फक्त पहिल्यांसाठी होते. दोघांना वेगवेगळ्या पानांवर पाठवण्याऐवजी मी रक्कम, मुदत आणि हप्ता असे तिन्ही रकाने एकाच ठिकाणी, तिन्ही बदलता येतील असे ठेवले. कागदावर सोपी वाटणारी ही गोष्ट प्रत्यक्षात फार अवघड निघाली. दर कायम धरला तर या तिघांपैकी दोन ठरले की तिसरे आपोआप ठरते. पण माणसाने हप्ता कमी केला, तर त्याला मुदत वाढायला हवी आहे की रक्कम घटायला, हे यंत्राला कसे कळणार? पहिल्या आराखड्यात आम्ही मुदत वाढवत होतो. म्हणजे कमी हप्ता मागणाऱ्याला आम्ही नकळत जास्त व्याजाकडे ढकलत होतो, ज्या दोषाबद्दल मी जुन्या पानाला नावे ठेवत होतो तोच दोष नव्या रूपात. आता हप्ता बदलला की दोन्ही पर्याय शेजारी शेजारी येतात: ‘मुदत तीच ठेवली तर इतके कमी कर्ज मिळेल’ आणि ‘कर्ज तेवढेच ठेवले तर इतके महिने आणि इतके जास्त व्याज’. निवड माणूस करतो.

याच गणितात एक अशी कड आहे जिच्याकडे हप्त्याची अनेक गणकयंत्रे दुर्लक्ष करतात. भरलेला हप्ता पहिल्या महिन्याच्या व्याजाएवढा किंवा त्याहून कमी असेल, तर कर्ज कधीच फिटत नाही. ९ टक्के दराला ही सीमा १०० मागे ०.७५ आहे. नव्या पानाच्या पहिल्या चाचणी-प्रतीत असा हप्ता घातल्यावर मुदतीच्या जागी नुसती रिकामी रेघ येत असे. आता तेथे लिहिलेले असते की या हप्त्यातून महिन्याचे व्याजही भागत नाही, म्हणून मुद्दल कमी होणार नाही, आणि किमान किती हप्ता लागेल तेही लगेच सांगितले जाते. हे वाक्य फार थोड्या लोकांना दिसेल, पण ज्यांना दिसेल त्यांच्या परिस्थितीत ते दिसणे फार महत्त्वाचे आहे.

स्लायडर मात्र मी पूर्ण काढून टाकले. मोबाइलवर बोट स्वतःच आकडा झाकते, हवी ती रक्कम नेमकी गाठता येत नाही, आणि ज्यांचा हात थरथरतो त्यांना तर तो ओढणेच जड जाते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ या, वेब पाने अपंग व्यक्तींनाही वापरता यावीत यासाठीच्या सुगम्यता-निकषांत स्पष्ट म्हटले आहे की ओढून करायची कोणतीही क्रिया न ओढता, साध्या स्पर्शानेही करता यायला हवी, आणि स्पर्शाची जागा किमान २४ गुणिले २४ पिक्सेलची हवी. आता साधा रकाना आहे, त्याच्या दोन्ही बाजूंना वाढवण्याची आणि कमी करण्याची मोठी बटणे आहेत, आणि रकान्यात बोट ठेवताच अंकांचा कीबोर्ड उघडतो. रकाना संख्येच्या प्रकारचा न ठेवता मजकुराच्या प्रकारचा ठेवला आहे, कारण संख्येच्या रकान्यात माउसचे चाक चुकून फिरले तरी रक्कम बदलते आणि ते लक्षातही येत नाही. भरलेली रक्कम रकान्याखाली अक्षरी उमटते. एखादे शून्य जास्त पडले तर ते अंकांत दिसत नाही, शब्दांत मात्र लगेच दिसते. बँकेच्या धनादेशावर रक्कम अक्षरी लिहिण्यामागे हेच शहाणपण आहे.

दृष्टिहीन वापरकर्त्यांसाठीही या भागात बराच विचार करावा लागला. आकडा बदलला की नवा हप्ता स्क्रीन रीडरने, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणाऱ्या सॉफ्टवेअरने, वाचून दाखवायला हवा, पण प्रत्येक अंक टाइप होताच वाचू लागला तर ऐकणाऱ्याला काहीच कळत नाही. टाइप करणे थांबल्यावर क्षणभराने, एकदाच आणि पूर्ण वाक्यात वाचले जाईल अशी व्यवस्था केली. तळटीपेतील फिकट करडा मजकूर गेला; पार्श्वभूमीशी किमान ४.५ ला १ असा उजळपणाचा भेद असलेल्या अक्षरांत तो आता संबंधित आकड्याच्या लगेच खाली आहे.

वरचे छायाचित्रही गेले. त्याबद्दल सहकाऱ्यांना वाईट वाटले आणि ते मी समजू शकतो, कारण पानाला त्याने एक प्रसन्नता येत होती. पण मोबाइलवर मुख्य मजकूर दिसायला २.५ सेकंदांहून जास्त वेळ लागू नये, या गूगलच्या मापदंडात ते बसत नव्हते. त्याहून वाईट म्हणजे चित्र उशिरा उतरले की खालचे सगळे रकाने खाली सरकत आणि बोट भलत्याच बटणावर पडे. पैशाच्या पानावर भलते बटण दाबले जाणे ही क्षुल्लक बाब नाही.

अर्जाकडे वळायचे तर तेथील मुख्य बदल क्रमाचा आहे. आधी फोन नंबर दिल्याशिवाय हप्त्याचा तपशील उघडत नसे. आता हिशेबाचा संपूर्ण भाग ओळख न देता वापरता येतो आणि तो जतन करून ठेवता येतो. अर्ज सुरू होण्यापूर्वी कोणती कागदपत्रे लागतील ते सांगितले जाते. एकदा दिलेली माहिती पुन्हा विचारली जात नाही. पात्रतेची प्राथमिक चाचपणी आणि पूर्ण अर्ज यांतील फरक बटणावरच लिहिला आहे, कारण अनेक देशांत पूर्ण अर्जाच्या वेळी होणारी चौकशी पतनोंदीत (क्रेडिट रिपोर्टमध्ये) दिसते आणि तिचा पतगुणांकावर परिणाम होऊ शकतो, तर प्राथमिक चाचपणीचा तसा होत नाही. ‘पुढे जा’ एवढेच लिहिलेल्या बटणामुळे आपल्या पतनोंदीवर खूण उमटणार आहे, हे कोणाला कसे समजावे?

संस्थेतील विक्री विभागाचा सर्वांत मोठा आक्षेप एकूण व्याजाच्या आकड्याला होता. तो पाहून लोक घाबरून निघून जातील, असे त्यांचे म्हणणे होते, आणि ते पोकळ नव्हते. काही लोक निघून जातीलही. माझे म्हणणे असे होते की जो माणूस हा आकडा आज पाहून थांबतो, तो उद्या हप्ता थकवण्याची शक्यता असलेला माणूस असू शकतो, आणि त्याला आज थांबू देणे त्याच्या व संस्थेच्या, दोघांच्याही हिताचे आहे. बऱ्याच बैठकांनंतर मासिक हप्ता आणि एकूण परतफेड हे दोन्ही आकडे एकाच आकाराच्या अक्षरांत, एकाच ओळीत ठेवण्यावर एकमत झाले. मुदतीच्या बाबतीत मी अधिक आग्रही राहिलो. आता कोणतीही मुदत आधीपासून निवडलेली नसते. ३६, ६० आणि ८४ महिन्यांचे तीन पर्याय हप्ता, एकूण व्याज आणि तीन वर्षांनंतरची शिल्लक यांसह एका छोट्या तक्त्यात समोर येतात आणि त्यांतील एक निवडल्याखेरीज पुढे जाता येत नाही. त्यासाठी एक स्पर्श जास्त लागतो. स्पर्श कमी करणे हे माझ्या व्यवसायात सद्गुण मानले जाते आणि एरवी मीही तेच मानतो, पण जो निर्णय पुढची काही वर्षे दर महिन्याला माणसाच्या खिशाशी जोडलेला राहणार आहे, तो त्याने स्वतःच्या बोटाने घेतलेला असावा असे मला मनापासून वाटते.

यश कशाने मोजायचे, तेही यानिमित्ताने बदलले. पूर्ण झालेल्या अर्जांची संख्या मोजली जातेच. त्याच्या जोडीला आता प्रत्येक चाचणीच्या शेवटी पान बंद करून समोरच्या व्यक्तीला तीन प्रश्न विचारतो: एकूण किती परत करावे लागेल, हा हप्ता नक्की आहे की अंदाजे, आणि मध्येच कर्ज फेडले तर काय होईल. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आता लोक न अडखळता देतात. तिसऱ्याला अजूनही बहुतेक जण थबकतात. मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क पानावर लिहिलेले आहे, पण ते टक्केवारीत आहे आणि कशाची टक्केवारी हे वाक्याच्या शेवटी येते. ते वाक्य मी आतापर्यंत चार वेळा बदलले आहे.

आणि एक पडदा अजून पूर्णपणे जुनाच आहे: अर्ज नाकारल्यावर दिसणारा. त्यावर ‘आपला अर्ज मंजूर होऊ शकला नाही’ एवढेच वाक्य आणि मुखपृष्ठाकडे नेणारे बटण आहे. कारण किती सांगता येईल, हे ठरवण्यासाठी कायदा आणि जोखीम विभागांशी बोलणी सुरू आहेत. माझ्या आराखड्यात त्या जागी नकाराचे मुख्य कारण, पतनोंदीत चूक असल्यास ती दुरुस्त करण्याचा मार्ग, कमी रकमेचा किंवा जास्त डाउन पेमेंटचा पर्याय बसत असल्यास त्याचा हिशेब, आणि पुन्हा अर्ज कधी करता येईल त्याची तारीख आहे. पुढच्या आठवड्यात हा आराखडा पहिल्यांदा अशा लोकांसमोर ठेवणार आहोत ज्यांचे अर्ज पूर्वी नाकारले गेले होते.